डाव्या हातानं उघडलेलं खातं

दर रविवारी सकाळी सात वाजता मी नातीला घेऊन नेमबाजीच्या रेंजवर जातो, हे माझ्या जुन्या मित्रांना अजून खरं वाटत नाही. बँकेच्या पहारेकऱ्याची बारा बोअरची बंदूक कोपऱ्यात टेकवलेली दिसली तरी जो माणूस पस्तीस वर्षं दोन हात लांबून गेला, त्याच्या नातीनं पिस्तूल हातात घ्यावं! पण आठवीतल्या मुलीनं हट्ट धरला, तिच्या आईनं फॉर्म भरला आणि रविवारी पहाटे उठणारं घरात आजोबांखेरीज दुसरं कुणी नाही, म्हणून ने-आण माझ्या वाट्याला आली.

पहिल्या रविवारी तिला पिस्तूल मिळालंच नाही. सरांनी नुसतं उभं राहायला शिकवलं. पाय किती अंतरावर, अंगाचा भार कुठे, मान कशी, श्वास कधी सोडायचा आणि कधी अर्ध्यावर थांबवायचा. दुसऱ्या रविवारी पिस्तूल मिळालं, पण छरा नाही. समोर लक्ष्यही नाही, पांढरी कोरी भिंत. हात उचलायचा, नळीच्या टोकावरची माशी मागच्या खाचेत बरोबर मधोमध आणायची, नजर माशीवर ठेवायची, आणि ती माशी तसूभरही न हलता चाप ओढायचा. असं शंभर वेळा. या खेळात भिंतीसमोरचा हा सराव थोर खेळाडूही जन्मभर करतात म्हणे. पण आमच्या कन्यारत्नाचा चेहरा पडला. तेव्हा सरांनी सगळ्या पोरांना गोळा करून एका हंगेरियन सैनिकाची गोष्ट सांगितली. उजवा हात बॉम्बनं गेला, त्यानं डाव्या हातानं सराव केला आणि ऑलिम्पिकचं सुवर्णपदक जिंकलं. पोरं थक्क झाली. दोन मिनिटांत गोष्ट संपली आणि सगळी पुन्हा भिंतीकडे वळली.

मी मात्र बाकावर अस्वस्थ होऊन बसलो. व्हाउचर पाहिल्याशिवाय नोंद खरी मानायची नाही, ही बँकेतली सवय. आणि कादंबरीकार म्हणून एवढा अनुभव नक्की आहे, की गोष्ट फार गुळगुळीत झाली की तिच्यातलं काहीतरी गाळलेलं असतं. घरी आल्यावर शोध सुरू केला आणि पुढचे कित्येक दिवस आमच्या सौ.ना जेवणाच्या ताटावर हंगेरी ऐकावी लागली.

कारोय टाकाच हे त्याचं नाव. आपल्याकडे इंग्रजी स्पेलिंगवरून त्याचं कॅरोली टॅकॅक्स करून टाकतात. जन्म 21 जानेवारी 1910, बुडापेस्टचा. तो सैन्यात गेला आणि तिथे पिस्तुलात त्याचा हात बसला. तिशी गाठायच्या आत तो जगातल्या चांगल्या पिस्तूल नेमबाजांत गणला जाऊ लागला. 1936 सालचं ऑलिम्पिक बर्लिनला भरणार होतं आणि हा माणूस हंगेरीच्या संघात असणार हे उघड होतं.

तो गेला नाही. आणि इथे अजून बॉम्बचा संबंध नाही. त्याचे दोन्ही हात शाबूत होते. कारण असं, की तो सार्जंट होता आणि तिथल्या नियमाप्रमाणे सैन्यातून ऑलिम्पिकच्या संघात फक्त कमिशन मिळालेले अधिकारीच जाऊ शकत. गोष्ट सांगताना हा भाग बहुधा गळतो, कारण त्यात रक्त नाही, स्फोट नाही, नुसता एक नियम आहे. मला मात्र हाच भाग जास्त लागला. मी क्लार्क म्हणून बँकेत शिरलो आणि परीक्षा देऊन अधिकारी झालो. काउंटरच्या या बाजूला काय बोलायचं आणि त्या बाजूला काय, कुणी खुर्चीवर बसायचं आणि कुणी उभं राहायचं, हे मी दोन्हीकडून पाहिलेलं आहे. माणसाच्या हातात काय आहे यापेक्षा त्याच्या खांद्यावर काय आहे हे आधी पाहणारी कार्यालयं जगात सगळीकडे आहेत.

गंमत पाहा. त्याच बर्लिनमध्ये हंगेरीचा वॉटरपोलोचा संघ सुवर्णपदक जिंकला आणि त्यात ओलिवेर हालाशी नावाचा खेळाडू होता, ज्याचा एक पाय लहानपणी ट्रामच्या अपघातात गुडघ्याखाली गेलेला होता. एका पायाच्या माणसाला पाण्यात उतरायला त्या देशानं अडवलं नाही. दोन धड हातांच्या माणसाला मात्र घरी बसवलं, कारण त्याच्या वर्दीवर हव्या त्या पट्ट्या नव्हत्या. बर्लिननंतर हंगेरीनं ती अट काढून टाकली. टाकाचचा रस्ता मोकळा झाला. पुढचं ऑलिम्पिक 1940 साली.

1938 साली सैन्याच्या सरावात एक सदोष हातबॉम्ब त्याच्या उजव्या हातातच फुटला. हाताची अशी अवस्था झाली की त्या हातानं पुन्हा पिस्तूल धरण्याचा प्रश्नच उरला नाही. महिनाभर तो रुग्णालयात होता. बाहेर आला आणि कुणालाही न सांगता डाव्या हातानं सुरुवात केली.

इथे त्याचा खेळ नेमका काय होता हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नात शिकते आहे ते दहा मीटरचं एअर पिस्तूल. आपल्याकडे बहुतेक मुलं तिथूनच सुरुवात करतात. मोठ्यांच्या स्पर्धेत त्यात साठ छऱ्यांना सव्वा तास मिळतो. मधल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास साडेअकरा मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. तो शांतपणाचा खेळ आहे. नेम बिघडतोय असं वाटलं तर हात खाली घ्या, श्वास घ्या, पुन्हा उचला, कुणी घाई करत नाही. याहून कठीण शांतपणा पन्नास मीटरच्या पिस्तुलात होता. 2016 सालच्या रिओनंतर तो प्रकार ऑलिम्पिकमधून गेला. टाकाचचा प्रकार या दोन्हींच्या उलट, पंचवीस मीटर रॅपिड फायर. शेजारी शेजारी पाच लक्ष्यं, त्या काळी माणसाच्या छायाकृतीची. नेमबाज एका हातात पिस्तूल घेऊन उभा. वेळ सुरू झाली की प्रत्येक लक्ष्यावर एक अशा पाच गोळ्या. आधी आठ सेकंदांत, मग सहा, मग चार. अशा साठ गोळ्या, जास्तीत जास्त सहाशे गुण. चार सेकंदांत आपलं शर्टाचं एक बटण लावून होत नाही!

रेंजवरचे सर म्हणतात, त्या चार सेकंदांतला जवळजवळ निम्मा वेळ हात उचलून पहिली गोळी सोडण्यात जातो. उरलेल्या चार गोळ्या अर्ध्या-अर्ध्या सेकंदाला एक. त्यात प्रत्येक लक्ष्यावर नव्यानं नेम धरायला सवडच नसते. खांदा, कोपर, मनगट आणि डोळा एकदा कुलूप घातल्यासारखे जागच्या जागी बसले, की कंबर वळते आणि तिच्याबरोबर सगळं वळतं. चाप ओढणारं बोट मात्र या हालचालीपासून अलिप्त राहिलं पाहिजे. त्यानं हिसका दिला की गोळी भलतीकडे.

हे समजल्यावर मला त्या सैनिकाचा हिशेब मांडता येऊ लागला. बॉम्बनं त्याचं काय नेलं? मुठीची पकड आणि ते अलिप्त बोट. काय राहिलं? कमरेचा वळसा, श्वासाची चाल, सेकंदांचा अंदाज, माशीवर स्थिर राहणारी नजर आणि मोठ्या स्पर्धांत उभं राहून आलेली मनाची घट्टाई. पायांची ठेवण उलटी करावी लागली असेल, डोळ्याला नव्या हाताशी जुळवून घ्यावं लागलं असेल, पण सगळी पुंजी बुडाली नव्हती. आणखी एक गोष्ट. ऑलिम्पिकच्या पिस्तुलात गोळी एकाच हातानं सोडायची असते. दुसरा हात कुणाच्या खिशात असतो, कुणाच्या पट्ट्यात अडकवलेला. म्हणजे फायरिंग लाइनवर उभा राहिल्यावर प्रत्येक स्पर्धक एकाच हाताचा असतो. टाकाचनं याचा कधी विचार केला होता की नाही कोण जाणे. मला मात्र बाकावर बसल्या बसल्या हे सुचलं आणि मी उगाचच उठून दोन फेऱ्या मारल्या.

आणि मग एक जुनी गोष्ट वर आली, जी मी आजवर कुठल्या कादंबरीत घातली नाही.

1990च्या सुमारास तालुक्याच्या एका शाखेत मी पेन्शनचं काम पाहत होतो. एक निवृत्त गुरुजी दर महिन्याला यायचे. एकदा दोन महिने आले नाहीत आणि आले ते मुलाच्या आधारानं. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेलेली. पैसे काढायच्या स्लिपवर त्यांनी डाव्या हातानं काहीतरी सही केली होती. कार्डावरच्या नमुन्याशी ती जुळणं शक्यच नव्हतं. मी नियमाप्रमाणे शाईचं पॅड पुढे सरकवलं आणि डाव्या अंगठ्याचा ठसा द्या म्हणालो. दोन साक्षीदार मिळाले की दहा मिनिटांचं काम. गुरुजींनी त्या पॅडकडे पाहिलं, मान हलवली आणि पैसे न घेता परत गेले. ज्यांनी त्या गावातल्या दोन पिढ्यांना पाटीवर अक्षर गिरवायला लावलं, त्यांच्यापुढे आपण काय सरकवलं हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. चार महिन्यांनी ते पुन्हा आले. नवं नमुना सहीचं कार्ड मागितलं आणि माझ्यासमोर डाव्या हातानं पूर्ण नावाची मराठी सही केली, तीन वेळा. तिन्ही सारख्या, फळ्यावर लिहिल्यासारख्या. मी साक्षांकित केली आणि चहा मागवला. त्या चार महिन्यांत त्यांचं घर कशावर चाललं, हे मी विचारलं नाही. नियमानं विचारायची गरज नव्हती.

असो. टाकाचकडे वळतो.

1939च्या वसंतात हंगेरीची राष्ट्रीय पिस्तूल स्पर्धा होती. तिथे तो दिसला तेव्हा जुने सोबती त्याच्याभोवती जमले. बिचारा एवढं सोसूनही खेळ बघायला आला, याचं त्यांना कौतुक वाटलं. त्यानं आपण बघायला नव्हे, खेळायला आलो आहोत असं सांगितलं, अशी कथा आहे. कथेचं सोडा, निकाल कागदावर आहे. तो जिंकला. त्याच वर्षी जागतिक स्पर्धेत पिस्तुलाचं सांघिक विजेतेपद मिळवणाऱ्या हंगेरीच्या संघातही तो होता. अपघाताला पुरतं दीड वर्षही झालं नव्हतं.

लोक गोष्ट सांगताना इथून थेट लंडनच्या पदकावर उडी मारतात. मधली नऊ वर्षं गिळून टाकतात. 1940चं ऑलिम्पिक महायुद्धानं रद्द झालं. 1944चंही झालं. तो तीस वर्षांचा झाला, चौतीसचा झाला. 1944-45च्या हिवाळ्यात त्याच्या गावाला, बुडापेस्टला, वेढा पडला. माघार घेणाऱ्या जर्मनांनी डॅन्यूबवरचे पूल उडवले. शहराचे ढिगारे झाले. अशा काळात माणसं भाकरी शोधतात, पिस्तुलाच्या स्पर्धेचं मनात ठेवणं हा वेडेपणाच. अपघातातून उठण्यात एक झिंग असते, चार लोक पाहत असतात. पण ज्या स्पर्धेची तारीखच ठरलेली नाही तिच्यासाठी हात तयार ठेवायचा, हे मला त्या पहिल्या वर्षापेक्षा अवघड वाटतं. भिंतीसमोरचा सराव माणसाला कशासाठी तयार करत असेल तर बहुधा यासाठीच.

1948 साली लंडनला ऑलिम्पिक भरलं. आपल्याला ते हॉकीसाठी आठवतं, स्वतंत्र भारताचं पहिलं सुवर्णपदक 12 ऑगस्टला तिथेच मिळालं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच ऑलिम्पिकमध्ये कुस्तीत सहावे आले. नेमबाजी होती शहराबाहेर, सरे परगण्यातल्या बिस्लीच्या रेंजवर. रॅपिड फायरमध्ये सगळ्यांचं लक्ष होतं अर्जेंटिनाच्या कार्लोस एन्रिके दियाझ साएन्स व्हालिएन्तेकडे. तो विद्यमान जगज्जेता. त्यानं या अडतीस वर्षांच्या डावखुऱ्या झालेल्या हंगेरियनला पाहिलं आणि इथे कसा काय, असं विचारलं. टाकाचनं नम्रपणे सांगितलं, की शिकायला आलो आहे.

साठ गोळ्या संपल्या तेव्हा टाकाचचे गुण होते 580. नवा विश्वविक्रम, आधीच्यापेक्षा दहा गुणांनी वरचा. दियाझ दुसरा, 571. पदकं मिळाली तेव्हा त्या अर्जेंटिनी खेळाडूनं मोकळ्या मनानं कबूल केलं, की याचं शिकून पुरेसं झालेलं आहे. विजेत्याच्या उत्तराचं कौतुक सगळेच करतात. मला दियाझचं कौतुक वाटतं. जगज्जेतेपदावर असताना नऊ गुणांनी हरल्यावर विनोद सुचणं ही साधी गोष्ट नाही.

चार वर्षांनी हेलसिंकी. आपले खाशाबा तिथेही होते आणि या वेळी कांस्यपदक घेऊन परतले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. टाकाच आता बेचाळीस वर्षांचा. मधल्या काळात तो इतरांना शिकवूही लागला होता आणि त्याच्या हाताखाली तयार झालेला सिलार्ड कुन नावाचा सोळा-सतरा वर्षांचा पोरगा त्याच स्पर्धेत उतरला होता. शेवटी गुण लागले ते असे: टाकाच 579, कुन 578. एका गुणानं गुरू पुढे. रॅपिड फायरचं सुवर्ण दोनदा जिंकणारा तो पहिला नेमबाज ठरला, आणि दोन्ही वेळा डाव्या हातानं. त्या एका गुणाचं दुःख शिष्याला किती झालं असेल, आणि गुरूला मनातल्या मनात थोडंसं ओशाळवाणं वाटलं असेल का, यावर एखादी कादंबरी होईल. मी लिहिणार नाही, वय झालं.

1956ला मेलबर्नमध्ये तो पुन्हा उतरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात, स्पर्धेच्या तोंडावर, सोव्हिएत रणगाड्यांनी बुडापेस्टमधला उठाव चिरडला होता. तिथे तो आठवा आला. रुमानियाच्या श्टेफान पेत्रेस्कूनं 587 गुण मिळवले. टाकाचचा लंडनचा विक्रम आठ वर्षांत मागे पडला होता. हे असंच व्हायचं. मायदेशी त्यानं एकूण 35 राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. आणि ज्या सैन्यानं सार्जंट म्हणून त्याला बर्लिनला पाठवलं नव्हतं, त्याच सैन्यातून तो लेफ्टनंट कर्नल होऊन निवृत्त झाला. 5 जानेवारी 1976 रोजी बुडापेस्टमध्ये तो वारला.

योगायोग असा, की त्याच वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, कोलंबिया या गावी, वेगळ्याच पंथाचे पिस्तूलवाले जमले आणि त्यांनी एक आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. जेफ कूपर हा तिचा पहिला अध्यक्ष. याला ॲक्शन शूटिंग म्हणतात. यात खेळाडू एका जागी उभा राहत नाही. कमरेच्या म्यानातून पिस्तूल काढायचं, आडोशांमधून पळायचं, कागदी लक्ष्यं भेदायची, लोखंडी पत्रे पाडायचे, मध्येच मॅगझिन बदलायचं. रॅपिड फायरमध्ये वेळ ठरलेली असते आणि गुण मोजतात. इथे मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात. म्हणजे सावकाश अचूक मारणाराही मागे आणि घाईत चुकणाराही मागे. काही स्पर्धांत नुसते पोलादी पत्रे असतात आणि फक्त वेळ धरतात. 1996 साली याच पंथातून फुटून निघालेल्या एका शाखेत उलटा हिशेब आहे, तिथे गुण हुकले की वेळेत सेकंद वाढवतात. बँकेच्या भाषेत एकीकडे व्याज कापतात, दुसरीकडे दंड लावतात. पिस्तुलाचं तोंड ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं तर मात्र सगळीकडे एकच शिक्षा, त्या दिवसापुरता खेळ बंद. या प्रकारात पिस्तूल दोन्ही हातांनी धरतात, त्यामुळे टाकाचला तिथे खरी अडचण आली असती. तरी या स्पर्धांत अधूनमधून एक फेरी अशी येते, की फक्त कमजोर हातानं गोळी सोडायची. उजव्या हाताच्या भल्या भल्या खेळाडूंची तिथे फजिती होते, म्हणून ते घरी भिंतीसमोर डाव्या हातानं सराव करतात.

टाकाचच्या प्रकारात आपल्या विजय कुमारनं 2012 साली, पुन्हा लंडनमध्येच, रौप्यपदक मिळवलं. तोही लष्करातलाच. मुलींच्या पंचवीस मीटर पिस्तुलात कोल्हापूरच्या राही सरनोबतनं 2018च्या एशियाडमध्ये सुवर्ण जिंकलं. आमच्या नातीनं तिचा फोटो अभ्यासाच्या टेबलावर लावला आहे.

मागच्या रविवारी तिला पहिल्यांदा छरे मिळाले. मोजून पाच. त्याआधी मी सरांची परवानगी काढून रिकामं पिस्तूल डाव्या हातात धरून पाहिलं. पंधरा सेकंदांत मनगट लटपटायला लागलं आणि माशी खाचेतून पळून गेली. नात हसली. मग ती रेषेवर जाऊन उभी राहिली, डावा हात तिनं खिशात घातला आणि बराच वेळ काही केलंच नाही. पाचांपैकी तीन छरे कागदावर लागले. उरलेले दोन कुठे गेले ते सरांनी तिला शोधायला लावलं आहे.